राहून गेलेली ओ

१

बावीस वर्षांपूर्वी तिनं एक नेम धरला होता. नेम फार मोठा नव्हता, ऐकणाऱ्याला हसूच यावं असा होता. आपल्याला कुणी हाक मारली, की ओ द्यायची. एवढंच.

त्यामागं कारण होतं. लेक पोटात होती, दिवस भरत आले होते, तिचे यजमान, मास्तर, शाळेत शिकवायला गेले होते आणि भर दुपारी न्हाणीघरात तिचा पाय घसरला. उठता येईना. तिनं हाका मारल्या. गल्लीतली नऊच्या नऊ घरं दुपारची झोपलेली. एक हाक, दोन हाका, दहा हाका वाया गेल्या. अकराव्या हाकेला मागच्या बोळातून आवाज आला, "ओ! आले गं बाई, आले!" आणि डोक्यावर कपड्यांचं गाठोडं घेतलेली एक बाई मागच्या दारानं आत शिरली. तिनं गाठोडं खाली टाकलं, हिला उचललं, गाडी बोलावली. ती कोण, कुठली, ते विचारायची शुद्ध नव्हती. खालच्या वस्तीतली असावी. लेक सुखरूप झाली. बाई पुन्हा दिसली नाही.

बाळाला मांडीवर घेऊन तिनं देवापुढं हात जोडले आणि म्हणाली, "माझ्या दाराशी आलेली हाक मी रिकाम्या हातानं परत पाठवणार नाही. कोण आहे ते मागाहून विचारीन. आधी ओ देईन."

आणि दिली. बावीस वर्षं दिली. कणकेच्या हातानं दिली, तापात दिली, तोंडात घास असताना नाकातून दिली. गल्ली तिला 'ओवाल्या वहिनी' म्हणायची. शेजारीण कुरकुरायची, "तुम्ही ओ देता म्हणून भाजीवाला आमच्या दाराशी थांबतच नाही!" मास्तरांना तर हा हक्काचा विनोद होता. "हिला मांजरानं म्याव केलं तरी ही ओ देते. उद्या देवानं हाक मारली, तरी ही 'ओ, आले' म्हणून आधी गॅस बंद करायला जाईल."

ती हसायची, पण आतून ताठ असायची. गल्लीत कुणाचं घर मोठं होतं, कुणाची गाडी, कुणाचा मुलगा परदेशात. तिच्याकडं तिचा नेम होता. नेमाचा अभिमान बरा नव्हे म्हणतात. तिला होता, आणि तो तिनं कधी लपवला नाही.

२

लेक सासरी, मास्तर निवृत्त, घरात आता दोघंच. तिची दुपार ठरलेली होती. जेवणं, आवराआवर, ओटा कोरडा. मग मास्तर बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र तोंडावर घेऊन पडायचे आणि ती आतल्या खोलीत शिवणाची पेटी काढायची. दोन्ही खोल्यांच्या मधे अरुंद बोळकंडी होती. तिच्या एका टोकाला दार, दाराला आतून लोखंडी कडी. पावणेचारला चहा. त्याआधी मास्तर जागे व्हायचे आणि हाक मारायचे. लग्न झाल्यापासून एकच हाक, "अगं, ऐकलंस का?"

त्या शुक्रवारी तिनं मास्तरांच्या विजारीची दुमड धरली होती. दोन टाचण्या ओठांत धरलेल्या.

"अगं, ऐकलंस का?"

"ओ!"

तिनं मान वर केली. ओ तिचीच होती. शेवटी किंचित वर चढणारी, घाईची. फक्त ती तिच्या तोंडातून आलेली नव्हती. टाचण्या अजून ओठांत होत्या.

ती उठून बाहेर गेली. मास्तर चष्मा शोधत होते. "ओ देतेस नि येत नाहीस. किती वेळ?"

तिनं टाचण्या काढल्या. "मी कुठं दिली?"

"मग काय माझ्या चष्म्यानं दिली? तिकडून, दाराकडून आली की."

दोघांनीही एकाच वेळी बोळकंडीकडं पाहिलं. दार बंद होतं. कडी लागलेली होती. भिंतीवरचं घड्याळ साडेतीन दाखवत होतं.

"सवयीची ओ," मास्तर म्हणाले. "देतेस आणि तुला कळतही नाही."

असेल, असं तिला वाटलं. बावीस वर्षांची सवय. मग तिनं त्या टाचण्या पुन्हा ओठांत धरल्या आणि ओ म्हणून पाहिलं. टाचणी टोचली. जिभेवर रक्ताची चव आली.

३

त्याआधीच्या मंगळवारी काय झालं, ते सांगायलाच हवं.

गल्लीत दोन महिन्यांत तीन चोऱ्या झाल्या होत्या. दार फोडलेलं नाही, कुलूप मोडलेलं नाही. मग संशय कुणावर? कुलूप ज्याला कळतं त्याच्यावर. कुलूप कळणारा सगळ्या गावात एकच होता. खालच्या वस्तीतला किल्लीवाला. तिशीचा गडी, खांद्याला चामड्याची पिशवी, कमरेला किल्ल्यांचा झुबका. तो गल्लीत शिरला की आधी झुबका ऐकू यायचा. नऊही घरांची कुलपं त्याच्या हातची होती. नऊही दारांच्या आतल्या कड्या त्यानंच बसवल्या होत्या.

तिच्या दाराची कडी बसवून झाल्यावर तो म्हणाला होता, "काकू, कुलपाचं काय, ते कुणालाही उघडता येतं. आतली कडी मात्र आतल्या माणसानंच काढायची. तिला माझ्याकडं किल्ली नाही." आणि मग हसून, "तुमच्या दाराला घंटी बसवू नका बरं का. तुम्ही आहात की!"

वखारवाल्यानं पहारा सुरू केला. वखारवाला म्हणजे गल्लीच्या तोंडाशी लाकडाची वखार असलेला, मोठ्या आवाजाचा, गल्लीच्या अडीअडचणीला पहिला धावणारा माणूस. त्यानं चार जणांच्या हातात दांडकी दिली. "खालच्यांना वर यायचं कारणच काय?" तो म्हणाला. नऊ घरांनी माना हलवल्या. नळ दुरुस्तीला, इस्त्रीला, झाडलोटीला, किल्ल्यांना ते रोज वर येत होते, हे तेव्हा कुणाला आठवलं नाही. तिलाही नाही.

आणि मंगळवारी तिनंच किल्लीवाल्याला निरोप धाडला होता. मागच्या दाराची कडी सैल झाली आहे, साडेतीनला ये.

तो वेळेवर आला. आधी झुबक्याचा आवाज आला, पण धावता. मग ओरडा. मग दारावर थाप.

"काकू!"

ती शिवण टाकून बोळकंडीत आली होती. हात कडीवर होता. मागं मास्तर उभे होते, एक बोट ओठांवर. "नको," ते नुसत्या ओठांनी म्हणाले. "ओ देऊ नकोस."

"काकू, मी आहे, किल्लीवाला! तुम्हीच बोलावलंत!"

तोंड उघडलं होतं. ओ जिभेच्या टोकावर आली होती. ती तिनं गिळली.

तिसरी हाक हळू होती. दाराच्या अगदी फटीशी. "काकू, ओ तरी द्या."

मग पावलं आली, बरीच. ती दारापासून दूर गेली, पाण्याच्या टाकीकडं. मग काही ऐकू आलं नाही.

संध्याकाळी गल्लीला कळलं की किल्लीवाला टाकीच्या भिंतीवरून पळताना पडला आणि मेला. वखारवाल्यानं कागद आणला. अक्षर चांगलं म्हणून तो मास्तरांनीच लिहिला. 'त्या वेळी गल्लीत शांतता होती. आम्ही कोणतीही हाक ऐकली नाही.' खाली नऊ घरांच्या सह्या. मास्तरांनी लेखणी तिच्यापुढं धरली. घरातलं दुसरं माणूस म्हणून तिनंही सही केली.

चौथी चोरी किल्लीवाला गेल्यावर चारच दिवसांनी झाली. गल्ली त्यावर काही बोलली नाही.

४

आता ती ओ रोज येऊ लागली.

पहिल्यांदा कुणाच्या तरी हाकेला यायची. मग हाक नसतानाही. साडेतीन वाजले, की बोळकंडीतून, दाराच्या बाजूनं, तिच्या आवाजात, "ओ." थोडं थांबून, "ओ, आले." पुन्हा थांबून, "आले, आले." आणि येणं नाहीच. पाऊल वाजत नव्हतं. कडी वाजत नव्हती. नुसतं आपलं येते, येते म्हणत कुणीतरी तिथंच उभं.

तिनं डोकं ठिकाणावर ठेवायचं ठरवलं. भिंतीवर कान लावला. शेजारच्या घरात कुणी रेडिओ लावतं का, ते पाहिलं. एके दिवशी साडेतीनला पाच मिनिटं कमी असताना तिनं तोंडभर पाणी घेतलं, गाल फुगवून आरशासमोर बसली आणि स्वतःच्या ओठांवर डोळे रोखले. ओठ मिटलेले राहिले. बोळकंडीतून ओ आली. पाणी तिच्या घशात गेलं आणि ती खोकत राहिली.

मास्तर बाहेरच्या खोलीतून म्हणाले नाहीत, "काय झालं?" ते वर्तमानपत्र तोंडावर घेऊन पडले होते.

"तुम्हाला येतं ना ऐकू?" तिनं जवळ जाऊन विचारलं.

"मला काही ऐकू येत नाही," मास्तर पत्रामागून म्हणाले. मग जरा वेळानं, "लिहून दिलंय तसं."

तिला तेव्हा जे वाटलं, ते भीतीपेक्षा वेगळं होतं. तिला लाज वाटली, आणि लाजेच्या खाली राग. बावीस वर्षांची एवढी मोठी रास, आणि एका ओपायी ती नासली. बरं, नासली तर नासली, पण ती गिळलेली ओ पोटात राहिली नव्हती. ती बाहेर पडली होती आणि दाराशी उभी राहून, जिला द्यायची ती हाक शोधत होती.

दुसऱ्या दिवशी शेजारीण आली. नेहमी दारातून बोलायला सुरुवात करणारी बाई आज येऊन गुपचूप बसली. डोळे सुजलेले.

"वहिनी, एक विचारू? हसाल."

"विचारा ना."

"आमच्या घरात दुपारी कोणी तरी..." तिनं दाराकडं पाहिलं, "ओ देतं. माझ्या आवाजात. मी म्हटलं, तुम्हाला विचारावं. ओ देण्यातलं तुम्हाला जास्त कळतं."

ती हसली नाही. तिनं विचारलं, "त्या दिवशी त्यानं तुमचंही दार वाजवलं होतं?"

शेजारणीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "सगळ्यांचंच वाजवलं हो," ती म्हणाली. "तुमचं शेवटचं."

५

पंधराव्या दिवशी किल्लीवाल्याची आई वर आली.

ती दर दाराशी थांबत होती. रडत नव्हती, ओरडत नव्हती. कडी वाजवायची आणि बंद दाराला एकच गोष्ट विचारायची. ती पहिल्या घरापासून येत होती आणि प्रत्येक दाराचं न उघडणं गल्लीभर ऐकू येत होतं.

मग हिच्या दारावर थाप पडली.

मास्तर आधीच बोळकंडीच्या तोंडाशी उभे होते. बोट ओठांवर गेलं नव्हतं, पण हात तिथवर येऊन थांबला होता.

"बाई," बाहेरून म्हातारा, स्वच्छ आवाज आला. "मला कुणाचं नाव नको. कुणी मारलं, ते नको. मला एवढंच सांगा, माझ्या पोरानं हाक मारली तेव्हा कुणी ओ दिली का? मरताना त्याला कुणाचा आवाज ऐकू आला का? एवढंच."

मास्तरांनी खाकरून घसा साफ केला. "बाई, आम्ही काही ऐकलं..."

"ओ," बोळकंडी म्हणाली.

मास्तरांचं वाक्य तिथंच तुटलं. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजले होते.

"आहे का कोणी घरात?" बाहेरून. "ओ दिलीत ना आत्ता?"

"ओ, आले. आले, आले."

आतल्या खोलीतून ती पुढं आली. बोळकंडीत दुपारीही अंधारं असायचं, फटीतून येणारी उजेडाची एकच रेघ. त्या रेघेत तिला कडी दिसली. कडीवर हात दिसला. मनगटावर, अंगठ्याच्या खाली, तव्याचा जुना चटका. तिचाच. हाताच्या मागं खांदा असावा, पाठ असावी, अंबाडा असावा, पण तिकडं तिनं पाहिलं नाही. ती फक्त हात पाहत राहिली. तो कडी उचलत नव्हता. कडीला घट्ट धरून होता, बोटांची पेरं पांढरी, त्या मंगळवारपासून तसाच, आणि त्याच्या वरून कुठून तरी तिचा आवाज म्हणत होता, आले, आले.

तिनं डोळे मिटले नाहीत. हे मात्र तिच्या बाजूनं सांगायला हवं. तिनं स्वतःचा हात पुढं केला आणि त्या हातावर ठेवला.

हाताखाली लोखंड होतं. नुसतं लोखंड. पण ऊन, कुणीतरी बराच वेळ धरून ठेवल्यासारखं.

"अगं, नको," मागून मास्तर म्हणाले. "गल्लीत राहायचंय आपल्याला."

"राहायचंय म्हणूनच," ती म्हणाली आणि कडी काढली.

ऊन आत आलं. दारात किल्लीवाल्याची आई उभी होती. डोक्यावर इस्त्रीच्या कपड्यांचं गाठोडं, कारण पोरगा गेला तरी काम कुणाला चुकलंय? त्या गाठोड्याकडं पाहताना हिच्या मनात काहीतरी हललं. बावीस वर्षांपूर्वीचं. विचारावंसं वाटलं, पण आधी जे द्यायचं होतं ते द्यायला हवं होतं.

"नाही दिली," ती म्हणाली. "त्यानं तीनदा हाक मारली. मीच बोलावलं होतं त्याला. माझा हात कडीवर होता, आणि मी ओ दिली नाही."

शिव्या आल्या असत्या तर त्या तिनं पदरात घेतल्या असत्या. म्हातारी नुसतं म्हणाली, "मग आता द्या. माझ्यापाशी नको. जिथं लिहून घेतात तिथं द्या."

६

त्या दोघी भर दुपारी गल्लीच्या मधोमध चालत गेल्या. खिडक्यांचे पडदे हलले. वखारवाला वखारीच्या दारात येऊन उभा राहिला. हातात गजऱ्यासारखी गुंडाळलेली मोजपट्टी.

"वहिनी, कुठं निघालात? उन्हाचं?"

"ओ द्यायला," ती म्हणाली.

"कुणाला?"

"राहिली होती एक."

"जपून बरं," वखारवाला म्हणाला. आवाज मोठा होता, पण तळाशी फुटलेला. त्याच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. दोन्ही कानांत कापूस होता. त्याच्या घरातूनही दुपारी आवाज येत असणार. तिथं कोण काय म्हणत असेल, याचा विचार तिनं केला नाही.

ती ताठ चालली. नेमाचा ताठा गेला होता, मोडला होता. हा दुसरा होता. म्हातारीच्या डोक्यावरच्या गाठोड्याला तिनं एका हातानं आधार दिला होता आणि ते सगळ्या गल्लीला दिसत होतं. दिसू दे, असं तिला वाटलं.

ठाण्यातल्या हवालदारानं जुना कागद काढला. "मावशी, ही सही तुमचीच ना? ऐकलं नाही म्हणून?"

"हात माझा होता. तोंड माझं नव्हतं. आता तोंडानं सांगते, तुम्ही लिहा."

तिनं सांगितलं. धावता झुबका, तीन हाका, किती पावलं, कुठल्या दिशेनं, आणि त्या ओरड्यात कुणाचा आवाज ओळखीचा होता, ते. हवालदार लिहिता लिहिता थांबला. "शेवटी तो काय म्हणाला?"

"म्हणाला, काकू, ओ तरी द्या."

"आणि तुम्ही?"

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि बाहेर आली ती नुसती "ओ!" केवढी मोठी! पंधरा दिवस दाराशी तिष्ठत उभी असलेली. ठाण्यातली सगळी माणसं वळून बघायला लागली. बाकावर बसलेल्या म्हातारीनं डोळे मिटले आणि हळूच मान हलवली, पोहोचली, म्हटल्यासारखी.

दारातून आवाज आला, "अगं, ऐकलंस का?"

मास्तर होते. धापा टाकत, चप्पल उलटसुलट, खिशाला लेखणी.

"ऐकलं," ती म्हणाली. "तुम्हीही ऐकलंत."

मास्तर तिच्या शेजारी बाकावर बसले, लेखणी काढली आणि हवालदाराला म्हणाले, "एक कोरा कागद द्या. आधीचा माझ्याच अक्षरात आहे. हाही माझ्याच अक्षरात असू दे."

त्यानंतर तिच्या बोळकंडीत शांतता झाली. दुपारी साडेतीनला ती शिवण घेऊन मुद्दाम तिथं बसते, दार उघडं टाकून. गल्लीत कान दिला की बाकीच्या घरांतून ऐकू यायचं, आठ बंद दारांमागं आठ आवाज, आले, आले. दुसऱ्या दिवशी शेजारीण ठाण्यात गेली. तिच्यामागं आणखी दोघी. महिन्याभरात सहा घरं गप्प झाली. वखारवाला आणि पहाऱ्यातले चौघे जण तुरुंगात आहेत. वखारीला कुलूप आहे, आणि त्याच्या घरातून मात्र अजून येतो, रोज, एका पुरुषाचा मोठा आवाज, आलो, आलो म्हणणारा आणि येतच नाही असा. आठवं घरही अजून बोलतं. ती वाट पाहते आहे. तिला खात्री आहे, की तिथली कडीसुद्धा एक दिवस निघेल. कड्या आतूनच काढायच्या असतात, आणि आत माणसंच राहतात.

तिनं नेम पुन्हा धरला आहे, पहिल्या दिवसापासून. बावीस वर्षांचं काही मोजलेलं नाही.

म्हणून हे सांगायचं. तुम्हीही एवढं करा. तुमच्या दाराशी कधी हाक आली, ओळखीची असो, अनोळखी असो, वरची असो, खालची असो, मागं कुणी ओठांवर बोट ठेवून उभं असो, तर तेवढी ओ द्या. कोण आहे ते मागाहून विचारा. आधी ओ द्या, आणि हात कडीवर असेल, तर तो तिथंच राहू देऊ नका.